झाकणावरचं नाव

"नाव तळाला लिहायचं, झाकणाला नाही. झाकणाला घर नसतं, ते कुणाच्याही डोक्यावर जाऊन बसतं." प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या प्रत्येकाला ताई पहिल्याच दिवशी हे ऐकवायची. मुलं तिच्यामागे तिची नक्कल करायची. पण नाव मात्र निमूटपणे तळाला लिहायची.

त्या चपट्या काचेच्या बशांत ती यीस्ट वाढवायची, पाव फुगवणारं तेच. आणि त्यावर ती जे औषध घालून बघायची, तेच औषध तिचा दादा सहा वर्षं रोज सकाळी गिळत होता. दादाच्या पोटात आईचं मूत्रपिंड होतं. शस्त्रक्रियेच्या दिवशी आई हसत गुणगुणली होती:

लेक होता माझ्या पोटी
आता मी गं लेकापोटी

दोन वर्षांमागे आई गेली. तिचा एवढा तुकडा मात्र लेकाचं रक्त गाळत राहिला. शरीर अशा पाहुण्याला घरचं मानत नाही. त्याचे राखणदार अंगावर धावून जातात. औषध त्यांना गप्प बसवतं. ते कसं, हे यीस्टमध्ये दिसतं. 'वाढ' म्हणून सांगणारा पेशीतला एक खटका औषध दाबून धरतं, आणि भरल्या ताटासमोर बसलेलं यीस्ट स्वतःला उपाशी समजून वाढायचं थांबतं. ताईने हे समजावलं तेव्हा दादा म्हणाला होता, मग मी आणि पावाचं पीठ एकाच डॉक्टरचे पेशंट की.

आजाराने दादाची बोटं बधिर झाली होती, पाकिटातून गोळी फोडता यायची नाही. म्हणून दर दोन महिन्यांनी ताई गोळ्या काढून दोन सारख्या डब्यांत भरून द्यायची. एकीत रोजची, दुसरीत पोटात जळजळलं तरच घ्यायची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल.

या खेपेला दादाचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, रक्तात औषध नावालाही नाही, गोळ्या चुकवता का? दादाने शपथेवर सांगितलं, एक दिवस नाही. डॉक्टरांनी नुसतं बघितलं आणि शिरेतून औषध सुरू केलं. मूत्रपिंड वाचायचं असेल तर चार दिवसांत कळेल, म्हणाले.

ताईला दुकानदाराचा संशय आला. गोळ्या नकलीच असणार. पुरावा हातात घेऊनच त्याच्या दारात उभी राहीन, असं म्हणत तिने दादाच्या घरून दोन्ही डब्या उचलल्या. यीस्ट पसरलेल्या एका बशीत रोजच्या गोळीची पूड टाकली. तुलनेशिवाय प्रयोग करायची तिला सवय नव्हती, म्हणून दुसऱ्या बशीत जळजळीच्या गोळीची.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बशा बाहेर काढल्या. रोजच्या गोळीभोवती यीस्ट साईसारखं दाट, अगदी पुडीला खेटून. तिचा संशय खरा ठरला होता. मग तिने दुसरी बशी बघितली. तिथे पुडीभोवती स्वच्छ वर्तुळ होतं, चंद्राला खळं पडावं तसं.

बशांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिने त्या उलट्या केल्या. तळाला नावं होती, तिच्याच अक्षरात, बरोबर. मग पिशवीतून डब्या काढल्या. 'रोजची', 'जळजळ', दोन्ही झाकणांवर ठळक अक्षरं, तीही तिचीच. डब्या उलट्या केल्या. तळ कोरे होते.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टर नुकतेच दादाजवळून गेले होते. उद्यापासून रक्त यंत्रावर गाळायचं, मूत्रपिंडाची आशा सोडा, असं सांगून. ती खाटेच्या कडेला बसली आणि सगळं सांगितलं, काही न वगळता.



"सरबत सांडलं होतं डब्यांवर," दादा म्हणाला. "झाकणं मी धुतली, चिमणे."

"नाव मी लिहिलं, दादा. झाकणावर."

लहानपणी तिने फोडलेल्या प्रत्येक कपाचा मार त्याने खाल्ला होता.

"आईला मी सांगेन," तो म्हणाला. "तू मधे बोलायचं नाहीस."

तिने त्याचा बधिर हात उचलला आणि त्याच्या पोटावर उजवीकडे, जिथे आई होती तिथे, अलगद ठेवला. वर आपला ठेवला. आईचा डोळा लागला की लहानपणी दोघं तिच्या उशाशी बसायची, तशी ती बसून राहिली, आवाज न करता.