मी पथकाचा कुत्रा, बंगल्याचा नव्हे

दोन हजार अकरा सालच्या ऐन हिवाळ्यात माझा जन्म झाला. मी कुत्रा आहे, कामाचा. डोक्यावर हात फिरवलेला मला खपत नाही.

पिल्लू असताना आजारी पडलो. डॉक्टर म्हणाले, "याचा नाद सोडा." श्वानपथकातल्या हवालदारानं सोडला नाही. मला स्वतःच्या पांघरुणात घेऊन बसला. मी जगलो. ते देणं माझ्या डोक्यावर राहिलं.

गांजा, अफू हुंगायला मला त्यानंच शिकवलं. गावातला नशेचा धंदा मोडायला सरकार आमच्या पथकाला निधी देई. माझं पोट त्यावरच. पण नवे साहेब आले आणि मी त्यांच्या बंगल्याच्या फाटकाला बांधला गेलो. दूधवाल्यावर भुंकायचं. शिकलेल्या नाकाला ही नोकरी!

हवालदार मात्र रोज सकाळी यायचा. बागेत वासाच्या चिंध्या लपवायचा आणि म्हणायचा, "शोध, म्हाताऱ्या. गंज चढू देऊ नकोस."

मग निधी कुठे जातो हे पाहायला वरून तपासनीस बाई आल्या. निधी बंद झाला की श्वानपथक मोडणार, हवालदार चौकात शिट्टी फुंकणार आणि मी कायमचा फाटकाला.

साहेब म्हणाले, "कुत्र्याचं नाक गेलंय, मॅडम. त्यापेक्षा त्या पैशांत मला, म्हणजे पथकाला, एक नवी गाडी द्या."

"नाक गेलंय का, ते त्यालाच विचारू," बाई म्हणाल्या.

अंगणात बॅगा मांडल्या. एकीत गांजाची पुडी आहे, असं बाईंनी सांगितलं. हवालदारानं मला पुढे सोडलं. मी एकेक बॅग हुंगली. कपडे, साबण, कुणाचा तरी जेवणाचा डबा. पुडी नव्हती. मी वळलो, थेट बाईंच्या खुर्चीकडे गेलो आणि त्यांच्या पर्सपुढे बसलो.

साहेब हसले. "बघा, बिस्किटं हुंगतोय."

"बिस्किटांसाठी तो बसत नाही, साहेब," हवालदार म्हणाला.

साहेबांनी पट्टा ओढला. मी हललो नाही.

बाईंनी पर्स उघडली. आत पुडी.

"बॅगेत ठेवली असती, तर कुणीतरी खुणावलं असतं," त्या म्हणाल्या. "या कुत्र्याला फाटकाला कुणी बांधलं?"

साहेब वाकून बुटाची नाडी बांधू लागले.

निधी चालू राहिला. साहेबांनी फाटकावर माणूस ठेवला, स्वतःच्या पगारातून.

आता पाय दुखतात. नाक शाबूत आहे. म्हाताऱ्या कुत्र्याची कीव करू नका, त्याला काम द्या.

निधी वाचला त्या दिवशी पथकाच्या गाडीत चढताना हवालदारानं मला मागून हात दिला. "चल, फेडलंस," म्हणाला.

फिटलं.