तो एक घोट

"अगं, फवारायच्या औषधाला तोंड लावून दाखवायचं, हे कसलं शहाणपण?" सासूबाईंनी तिला बजावलं होतं. "आज तू पितेस, उद्या तुझं बघून आणखी कुणी पिईल."

"अहो आई, पाल्याचा रस तो. तुमच्या काढ्यापेक्षा बरा लागतो," म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं.

तो घोट म्हणजे तिचा हुकमी एक्का. विषारी फवारे सोडून निसर्गाच्या कलाने शेती करा, हे प्रकल्पात शिकायला येणाऱ्या बायकांना तोंडाला फेस येईस्तोवर सांगूनही पटत नसे. मग ती पाल्याच्या अर्काची बाटली उघडून घोट घेई, तोंड वाकडं करी, नि बायका हसत हसत जवळ सरकत.

आज परदेशी निधी संस्थेची माणसं प्रकल्पाचं शेत बघायला आली होती. पसंत पडलं तर पुढची काही वर्षं निधी मिळणार होता, आणि इतर देशांच्या शेती-धोरणात या शेताचा दाखला जाणार होता. शेंगांचे वेल हिरवेगार. गेल्या आठवड्यात पानापानावर चिकटलेला मावा कुठे दिसेना. पाहुणे खूश. ती बाटली उघडणार, तोच कडेवरच्या लेकीने असं भोकाड पसरलं की घोट राहूनच गेला.

जाताना बायकांना एकेक बाटली भेट दिली. त्यांच्यातली एक बडबडी मावशी बाटली छातीशी धरून म्हणाली, "ताई, तुमचा घोट राहिला ना? मी घरी जाऊन घेते. तोंड कसं वाकडं होतं ते बघायला मात्र घरात कुणी नाही हं!" सगळ्या खो खो हसल्या. तीही हसली.

आवराआवर करताना लेक उरलेल्या बाटलीशी झोंबू लागली. तिने ती हिसकावली, तर झाकण सैल होतं. वास आला. पाल्याचा नव्हे, लहानपणी वडील फवारून आले की त्यांच्या सदऱ्याला यायचा, तो.

 तिने लेकीचं तोंड हुंगलं, तिचे हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. मग शेत सांभाळणाऱ्या मामांना गाठलं.

"मामा, अर्काच्या ड्रममध्ये काय घातलंत?"

"कुठं काय?"

"मामा!"

"मावा हटेना हो ताई. पाहुणे तोंडावर आलेले. दुकानातलं औषध घातलं थोडं. निधी गेला असता तर तुम्ही नि मी दोघंही घरी बसलो असतो. उरलेलं ओतून टाकणार होतो, तोवर पोरींनी बाटल्या भरल्या."

"आणि मी प्यायले असते तर?"

मामांनी मान वर केली नाही. "बाळ रडलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला."

तिने फोनमागून फोन लावले. सगळ्यांच्या बाटल्या बंद होत्या. मावशीचा फोन मात्र नुसता वाजत राहिला. घर बाजारामागच्या वस्तीत, यापलीकडे कुणाला काही सांगता येईना. प्रकल्पाचे साहेब फोनवर म्हणाले, "ग्रुपवर काही टाकू नकोस, निधीवाले आहेत त्यात. सकाळी माणूस पाठवतो."

सकाळी!

लेकीला सासूबाईंकडे देताना तिला त्यांच्या नजरेला नजर देववेना. मामांच्या स्कूटरवर मागे बसून तिने ग्रुपवर लिहिलं, आणि ज्याच्या हाती पडेल त्याने पुढे पाठवावं असंही लिहिलं:

"आज वाटलेल्या अर्कात विष आहे. बाटली उघडू नका. बाजारामागच्या वस्तीत आमची एक मावशी एकटी राहते, खूप बोलते, खूप हसते. ती फोन उचलत नाहीये. प्यायली असेल तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखान्यात न्या. मी निघालेय, पण तुम्ही जवळ असाल तर माझी वाट बघू नका. जाऊन दार वाजवा. आतून बोलणं ऐकू आलं नाही, तर दार तोडा."