चालेल म्हणायचं नाही

तिनं चमच्याच्या कडेनं ऑम्लेट मधोमध कापलं आणि आतून पिवळं पाणी प्लेटभर पसरलं. खालचा ब्रेड भिजला. मग तिनं तळलेल्या बटाट्याची एक फोड तोंडात टाकली. बाहेरून करपलेली, आतून कच्ची. दाताखाली कचकन आवाज झाला.

"कसं झालंय?" खिडकीतून वहिनीनं विचारलं. कपाळावर घाम, हातात उलथनं, आणि डोळे असे की समोरच्यानं खोटंच बोलावं.

"एक नंबर, वहिनी!" शेजारचा टायरवाला म्हणाला. त्याच्या प्लेटमधलं अर्धं ऑम्लेट त्यानं कागदी रुमालाखाली दडवलं होतं, शाळकरी पोरं नावडती भाजी दडवतात तसं.

"झकास," कंपाउंडर म्हणाला. प्लेट टबात पालथी घातली आणि सटकला.

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. "वन्सं, तुम्ही बोला की. तुम्ही बोलल्याशिवाय काही खरं नाही."

तिनं प्लेट फळीवर ठेवली. तोंडातला घास कसाबसा गिळला.

"येणार नाही," ती म्हणाली.

रांगेत उभी असलेली चार माणसं एकदम आपापल्या मोबाईलमध्ये बघायला लागली.

"मावशी, अहो, काहीतरी वाटू द्या," टायरवाला तिच्या कानाशी कुजबुजला. "माणूस गेलंय तिचं."

"माणूस गेलं म्हणून बटाटा कच्चा राहतो का रे? आणि तू तो रुमाल उचल आधी. बघू दे तिला, काय खाल्लंस ते."

टायरवाल्यानं रुमाल उचलला नाही. वहिनीनं मात्र बघितलं. मग ती वळली आणि तव्यावर अंडं फोडलं, इतक्या जोरात की टरफलासकट आत पडलं.

त्या भागात तिला सगळे जज्जीण म्हणत. कोर्टाची पायरी ती कधी चढली नव्हती. दवाखान्याच्या धुलाईघरात ती इस्त्री करायची. तरुण होती तेव्हापासून चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे. मनगटावर चटक्यांच्या इतक्या रेघा की बांगड्या घालायची गरज नाही, असं ती स्वतःच म्हणायची. गुरुवारी सुट्टी. गुरुवारी घरात गॅस पेटायचा नाही. नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसायचं आणि स्वस्तातली खाण्याची ठिकाणं पालथी घालायची. स्टँडमागचं सूप, कोर्टाच्या कुंपणाजवळचा नूडल्सचा गाडा, थेटराच्या पिछाडीची कटलेटं. उभ्यानं खायचं आणि करणाऱ्याच्या तोंडावर निकाल द्यायचा.

"तेल कालचं आहे."

"ग्लास हुंगून बघा. तुम्ही प्याल यातून?"

"आधी मी आले, मग त्या बूटवाल्याला आधी का? त्याची भूक बुटात आहे का?"

आणि शेवटी दोनच शिक्षा, म्हणजे दोनच निकाल. एक, परत येईन. दोन, येणार नाही. मधलं काही नाही. मधला जो शब्द आहे, चालेल, त्याचा तिला भयंकर राग होता. टायवाल्या माणसानं मोठ्या हॉटेलात गार सूप परत पाठवलं तर वेटर कमरेत वाकतो आणि लोक त्याला खवय्या म्हणतात. गाड्यावर उभ्यानं खाणाऱ्यानं बटाटा कच्चा म्हटला की लगेच ऐकायचं, 'या पैशात अजून काय पाहिजे?' या पैशात शिजलेला बटाटा पाहिजे! जास्त काही मागितलं का कुणी? ज्याच्या खिशात कमी त्याच्या तोंडातही कमीच चव, हे कुणी ठरवलं? ज्यांनी ठरवलं त्यांनी कधी उपाशीपोटी उभ्यानं खाल्लेलं नाही.

या सगळ्या ठिकाणांत तिचं खरं प्रेम एकाच जागेवर होतं. बस डेपोच्या भिंतीतली ही खिडकी. आत जेमतेम एका माणसाला वळता येईल एवढं स्वयंपाकघर, बाहेर प्लेट ठेवायला एक फळी. आत उभा राहायचा तो दादा, बाहेर त्याची बायको, म्हणजे वहिनी. वहिनी गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारायची, प्लेटी गोळा करायची आणि सारखी आत ओरडायची, "झालं का? अहो, झालं का?" आतून एकच संथ उत्तर यायचं, "होतंय." ती पुन्हा ओरडायची, तो पुन्हा "होतंय." अख्खी रांग हसायची. पण प्लेट हातात आली की हसणं बंद, कारण तोंड भरलेलं. जज्जिणीनं त्याला भाऊ मानलं ते नात्यानं नाही, ऑम्लेटच्या कडेनं. कड अशी की दुरून जाळी दिसावी आणि खाताना कुरकुरावी. तिथं तिचा निकाल ठरलेला. मग वहिनी तिला गमतीनं वन्सं म्हणायला लागली आणि ती गंमत कधी खरी झाली ते दोघींनाही कळलं नाही.

दादा तव्यासमोरच कोसळला. खिडकी काही दिवस बंद राहिली. मग वहिनीनं स्वतः उलथनं हातात घेतलं.

त्या कच्च्या बटाट्याच्या गुरुवारी नवरा तिला स्कूटरवरून घरी घेऊन आला. तो शाळेची व्हॅन चालवायचा. गडी शांत, आणि त्याच्या तोंडात एकच शब्द. चहा पांचट झाला, चालेल. शर्टाचं बटण तुटलं, चालेल. स्कूटर उभी करून तो म्हणाला, "एकदा चालेल म्हणाली असतीस तर जीभ झडली असती का?"

"तुमची नाही ना झडली इतक्या वर्षांत? मला बघायला आलात तेव्हाही चालेलच म्हणाला होतात."

"मग चाललंच की!" तो म्हणाला. मग त्याला हसू आलं, मग आवरलं. "बाई एकटी आहे गं. तिचं मन मोडलंस."

"मी मन मोडलं, आणि ते गोड बोलणारे दुकान मोडतायत, त्याचं काय? तो टायरवाला 'एक नंबर' म्हणाला ना? उद्या बघा कुठं खातोय. पलीकडच्या गाड्यावर. कंपाउंडर कधीचा तिकडं जातोय, इकडं फक्त तोंड दाखवायला येतो. रांग केवढी असायची आणि आज केवढी होती? तिला वाटतंय सगळं छान चाललंय. एक दिवस खिडकीला कुलूप लागेल आणि तिला कळणारसुद्धा नाही का लागलं ते. ही दया आहे? हा खून आहे, तोंडात साखर ठेवून केलेला."

"मग जाऊन शिकव तिला."

"मी काय शिकवू? माझ्या हातचं तुम्ही खाता ना रोज?"

नवऱ्यानं तोंड उघडलं. "बोला, बोला," ती म्हणाली. तो शहाणा माणूस. चपला काढून आत गेला.

दोन दिवस तिच्या डोक्यातून तो कच्चा बटाटा जाईना. तेल तेच, तवा तोच, बटाटे त्याच बाजारातले. वहिनीनं आयुष्यभर नवऱ्याला करताना बघितलेलं. मग घोडं पेंड खातंय कुठं?

शनिवारी ती इस्त्रीच्या मोठ्या यंत्राखाली चादर घालत होती आणि मुकादम येऊन दार ठोकायला लागला. "झालं का? गाडी थांबलीय. झालं का?" तिचा हात आपोआप उचलला गेला. यंत्राचं झाकण वर आलं. चादरीच्या मधोमध लांबलचक सुरकुती.

"असू दे, जनरल वॉर्डची आहे. चालेल," मुकादम म्हणाला.

"जनरल वॉर्डातल्या माणसाच्या पाठीला टोचत नाही का?" तिनं चादर पुन्हा यंत्राखाली घातली. "थांबा. गाडीला म्हणावं, थांब." आणि झाकण खाली दाबताना ती मध्येच थबकली. आपला हात कशानं उचलला गेला ते तिच्या लक्षात आलं होतं.

दुपारच्या सुट्टीत ती तडक डेपोच्या भिंतीशी गेली. खिडकीवर कुणी नव्हतं. आत वहिनी तवा घासत होती, पातं झिजेल इतकं उलथनं रगडत.

"आता काय राहिलंय तुमचं?" तिनं वर न बघता विचारलं.

"एक सांगा. ऑम्लेट तव्यावर असताना तुम्ही सारखं बाहेर का बघता?"

"गिऱ्हाईक ताटकळतं ना!"

"ताटकळू दे."

"तुमचं काय जातंय बोलायला? पगारी माणसं तुम्ही."

"वहिनी, तुम्ही जन्मभर झालं का, झालं का म्हणालात. दादानं एकदा तरी ऐकलं?"

"कसले ऐकतायत ते! ओरडून ओरडून माझ्या घशाला कोरड पडायची."

"ऐकलं नाही म्हणून बटाटा शिजायचा. आता दोन्ही कामं तुमच्याच अंगावर. तुम्हीच स्वतःला घाई करताय आणि तुम्हीच स्वतःचं ऐकताय."

वहिनीचे हात थांबले. जज्जिणीला वाटलं, पटलं. वहिनीनं उलथनं हळूच ओट्यावर ठेवलं आणि खिडकीपाशी आली. तिचा आवाज फार खाली गेला होता.

"त्या दिवशीही मी म्हणाले होते. झालं का. आतून काही आलं नाही. मी पुन्हा ओरडले. पुन्हा काही नाही. रांग हसत होती, वन्सं. मीसुद्धा हसत होते. तिसऱ्यांदा मी त्यांना शिवी दिली, सगळ्यांच्या देखत. मग आत गेले तर..." तिनं ओठ मिटले. "आणि तुम्ही मला घाईचं शिकवायला आलात?"

हे जज्जिणीला माहीत नव्हतं. त्या दिवशी ती रांगेत नव्हती, आणि रांगेतल्या कुणी तिला सांगितलंही नव्हतं. अशा वेळी शहाण्या माणसानं काहीतरी मऊ बोलावं. जाऊ द्या वहिनी, तुमचं काय चुकलं, ऑम्लेट तसं बरं होतं, असं काहीही. शब्द तिच्या ओठांवर आलेही. पण मऊ शब्दांच्या रांगा या खिडकीसमोर रोज लागत होत्या, आणि त्यातल्या एकानंही बटाटा शिजला नव्हता.

"वाईट झालं," ती म्हणाली. "फार वाईट झालं. आणि बटाटा कच्चाच आहे, वहिनी. तुम्ही शिवी दिली म्हणून तो कच्चा खाल्ला पाहिजे, असं कुणावर बंधन नाही. तुमच्यावरही नाही."

वहिनीनं खिडकीच्या दाराला हात घातला.

"निघा, बाई," ती म्हणाली, आणि खिडकीचं दार तिच्या नाकासमोर बंद झालं.

बाई! तो शब्द जज्जिणीला दारापेक्षा जास्त लागला. पण ती परत फिरली नाही, दार ठोठावलं नाही, माफी मागितली नाही. पुढच्या गुरुवारी स्टँडमागचं सूप प्यायला गेली. दोन चमचे घेऊन वाटी खाली ठेवली. सूपवाला घाबरून बघायला लागला. "तुझं सूप चांगलंय," ती त्याला म्हणाली. "माझंच तोंड गेलंय."

मग एकदा टायरवाला रस्त्यात भेटला. तोंड चुकवत होता, पण पोटात बातमी राहीना.

"मावशी, ऐकलं का? वहिनीनं काल कंपाउंडरला झाडला. तो झालं का, झालं का करत होता. म्हणाली, घाई असेल तर पलीकडे जा, तिथं कच्चं लगेच मिळतं! सगळ्यांसमोर!"

"मग? गेला?"

"कुठं जातोय! उभा राहिला गप. मावशी, पण एक आहे हं, तुमचं नाव काढलं की ती तोंड फिरवते."

"फिरवू दे."

त्या गुरुवारी स्कूटर डेपोच्या रस्त्याला वळवायला तिनं सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "हाकलेल तुला. चारचौघांत शोभा होईल."

"रांग काही तिनं विकत घेतलेली नाही. उभी राहीन."

"मी?"

"तुम्हीही उभे राहा. आणि तिथं तोंडातून तो शब्द काढायचा नाही."

रांग भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. पुढे सरकत नव्हती. लोक कुरकुरत होते, घड्याळ बघत होते, पण कुणी जात नव्हतं. जज्जिणीच्या टाचा दुखायला लागल्या. खिडकीतून वहिनीची फक्त पाठ दिसत होती. एकदाही ती पाठ वळली नाही. कुणीतरी मागून हाक मारली, तरी नाही. हात सावकाश चालत होता, जणू बाहेर कुणी नव्हतंच.

जज्जिणीची पाळी आली. वहिनीनं तिला बघितलं. ओळखीची एक रेघ चेहऱ्यावर नाही. पैसे घेतले, तव्याकडे वळली. मग बऱ्याच वेळानं प्लेट फळीवर आली.

तिनं चमचा मारला. कड कुरकुरली. आत मऊ, कोरडं. बटाटा जिभेनं दाबला तर फुटला. दादाची चव नव्हती ती. मिरी जास्त होती, कांदा जाडसर. ही दुसऱ्या कुणाची तरी चव होती, आणि ती नीट शिजलेली होती. तिनं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं, ब्रेडनं प्लेट पुसून घेतली. नवऱ्यानं शेजारी तेच केलं आणि तोंड घट्ट मिटून ठेवलं.

मग रिकामी प्लेट हातात धरून ती खिडकीपाशी उभी राहिली. निकाल तयार होता. फक्त वहिनीनं विचारायचं राहिलं होतं.

वहिनीनं तिच्या हातातून प्लेट घेतली, टबात टाकली, ओल्या फडक्यानं फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली, आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली,

"पुढचं कोण?"