सहीची मुदत

"ताई, तुमच्या त्या पाटीत काहीतरी बिघडलंय," मावशी फोनवर सांगत होत्या. "चित्रं येतच नाहीत. आजी सकाळपासून बोट आपटतायत. मी बंद करून चालू केलं, तरी तेच."

पाटी म्हणजे टॅबलेट. मावशी दिवसभर घरी सासूबाईंजवळ थांबायच्या आणि त्यांनी त्या वस्तूला पहिल्या दिवसापासून पाटीच म्हटलं होतं. सून तेव्हा ऑफिसात होती आणि नेमकी असल्याच एका दुखण्यावर इलाज करत होती. तिचं कामच ते. मोबाईलवर चालणाऱ्या प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची एक सही असावी लागते. ती आपल्याला दिसत नाही, फोनला दिसते. त्या सहीमागे एक सर्टिफिकेट असतं आणि त्याला मुदत असते, दुधाच्या पिशवीला असते तशी. मुदत संपली की कालपर्यंत धडधाकट असलेलं ॲप उघडायला नकार देतं आणि मग सगळे हिच्याकडे धावतात. ऑफिसात तिला सहीबाई म्हणत. साहेबही म्हणत. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघायचं.

"स्क्रीनवर काय लिहिलंय, मावशी?"

मावशींनी अक्षर अक्षर लावून वाचलं. हे ॲप आता उपलब्ध नाही.

सहीबाईला पुढचं ऐकायची गरज उरली नाही. जगाच्या मुदती तोंडपाठ असलेल्या बाईच्या स्वतःच्या घरची मुदत संपली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मुदत संपत आल्याच्या सूचना नवऱ्याच्या मेलवर येत राहिल्या असणार, आणि तो मेल उघडायला नवराच उरला नव्हता. त्याला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. एका संध्याकाळी घरी येताना रस्त्यात छातीत कळ आली, आणि तो घरी आलाच नाही.

ते ॲप त्याने आईसाठी बनवलं होतं. सासूबाईंची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली, त्यानंतर. पडद्यावर चित्रं: पेला, उशी, गोळी, खिडकी. चित्राला बोट लावलं की त्याच्या आवाजात वाक्य यायचं. "मला पाणी हवंय." "मला उठवून बसव." "खिडकी उघड." एका चित्रात वटारलेले डोळे होते, त्याला बोट लावलं की तो म्हणायचा, "सूनबाई, तो फोन ठेव आता खाली," आणि पुढे त्याचं हसू अर्धवट कापलं जायचं. सासूबाई ते चित्र कारण नसताना दाबायच्या. तो गेल्यावर जरा जास्तच. सून खोटं खोटं रागवायची, फोन खाली ठेवायची, आणि मग दोघी थोडा वेळ एकमेकींकडे बघायच्या नाहीत. दुःख करायला त्या घरात तेवढीच जागा होती.

साहेबांना सांगून ती दुपारीच घरी आली. सासूबाई खुर्चीत होत्या, मांडीवर काळा पडदा. मान उचलून त्यांनी सुनेकडे पाहिलं. आता आली म्हणजे होईलच, असा विश्वास त्या नजरेत होता, आणि तो सुनेलाही होता.

ॲपवरची सही नवऱ्याच्या खात्यातून झाली होती, म्हणून आधी तिने त्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला. खात्याने त्याच्या नंबरवर एक आकडा पाठवला. तो नंबर दिराने बाकीची कागदपत्रं उरकताना बंद करून टाकला होता. तिने दिराला फोन लावला. "कोणी वापरत नव्हतं ना, वहिनी," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

हरकत नाही, तिने मनाशी म्हटलं. त्याच्या लॅपटॉपवर ॲपचा कोड होता. तो उघडून तिने स्वतःच्या खात्यातून नवं सर्टिफिकेट काढलं आणि ॲप नव्याने बांधलं. आता त्यावर नवऱ्याची नव्हे, तिची सही होती. टॅबलेटने ते घ्यायला नकार दिला. आधीचं ॲप दुसऱ्याचं आहे, त्याच्या जागी तुमचं बसणार नाही, असा त्या तक्रारीचा अर्थ. अशी तक्रार ऑफिसात दिवसातून चारदा यायची आणि तिच्यावर एकच औषध होतं. जुनं काढायचं, नवं टाकायचं. नव्याने कामावर येणाऱ्या पोरांना ती हेच शिकवायची, इतक्यांदा की तिचं बोलणं संपायच्या आत ती पोरं वाक्य पूर्ण करायची.

तिने जुन्या ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं. पडद्याने विचारलं, ॲप काढल्यास त्यातली सगळी माहितीही जाईल, काढायचं? हा प्रश्न तिने हजारदा वाचला होता. म्हणजे हल्ली वाचतच नव्हती. तिने काढलं.

नवं ॲप पहिल्या झटक्यात बसलं. पेला आला, उशी आली, वटारलेले डोळे आले. मावशी म्हणाल्या, "बघा आजी, आली की नाही ताई?" सासूबाईंच्या तोंडाची डावी बाजू हसली. त्यांनी पेल्यावर बोट ठेवलं.

आवाज आला नाही.

त्यांनी डोळ्यांवर बोट ठेवलं. परत ठेवलं. मग आवाजाचं बटण वर करून दे, अशी सुनेला खूण केली. सुनेने केलं. आवाज पुरता वर होता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. चित्रं कोडमध्ये होती. वाक्यं त्याने नंतर याच खोलीत, आईच्या शेजारी बसून, टॅबलेटमध्येच बोलून भरली होती. ती ॲपच्या पोटात होती आणि ॲपबरोबर गेली. काढायच्या आधी ती बाहेर काढून ठेवता आली असती. कशी, ते तिला येत होतं. आपल्याच हाताने तिने पायावर धोंडा पाडून घेतला होता. संध्याकाळपर्यंत तिने लॅपटॉपचा कोपरा न् कोपरा शोधला. लग्नाच्या व्हिडिओत त्याचा आवाज होता, ऑफिसच्या मीटिंगांमध्ये होता. आईसाठी पाणी मागणारा आवाज कुठेच नव्हता.

मावशी गेल्यावर ती खुर्चीपुढे खाली बसली.

"आई, त्याचा आवाज माझ्या हातून गेला. परत नाही यायचा."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढचे काही दिवस त्यांनी टॅबलेटला हात लावला नाही. पाणी हवं असलं की माठाकडे बोट, खिडकी हवी असली की खिडकीकडे. सुनेने भरवलेलं खात होत्या, पण नजर देत नव्हत्या. सुनेला ही शिक्षा कमीच वाटत होती.

रविवारी तिने टॅबलेट घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकेक चित्र स्वतःच्या आवाजात भरलं. मला पाणी हवंय. मला उठवून बसव. उशीचं वाक्य ती दोनदा बोलली. शेवटचं चित्र कपाळाला आठ्या पडलेल्या चेहऱ्याचं. मला दुखतंय. डोळ्यांचं चित्र तिने काढूनच टाकलं.

टॅबलेट सासूबाईंच्या मांडीवर ठेवून ती कपड्यांच्या घड्या घालायला वळली. बऱ्याच वेळाने मागून तिचाच आवाज आला. "मला दुखतंय."

ती लगबगीने आली. "पाठ का, आई? मलम चोळू?"

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली. गुडघा? नाही. पोट? नाही. त्यांनी पुन्हा चित्र दाबलं. "मला दुखतंय," सुनेचा आवाज म्हणाला. मग सासूबाईंनी ते बोट उचललं आणि सुनेच्या छातीला लावलं, आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या.

सून हो म्हणाली. तो गेल्यापासून हे तिला कोणी विचारलं नव्हतं. हातातला टॉवेल तसाच धरून ती जमिनीवर बसली, आणि सासूबाईंनी आपला चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला. घड्या तशाच पडून राहिल्या.