बोरमाळच्या टाकीचा दाखला

मित्रांनो, संभाजीनगरहून हर्सूलचा तलाव मागे टाकून सिल्लोडच्या रस्त्याला लागलात, की तासाभरात बोरमाळचा फाटा येतो. फाट्यावरून आत वळताच सहा खांबांवर उभी असलेली, निळ्या रंगाची पाण्याची टाकी दिसते. ती मी. माझे वय एकोणचाळीस वर्षे. या वयातल्या शेवटच्या काही वर्षांत मी फक्त भ्याले आहे, आणि ती भीतीच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म मोठ्या कष्टाने झाला. गिरजा नदीची वाळू बैलगाडीने आली. गावातल्या बायाबापड्यांनी बांबूच्या परांचीवरून घमेली वर पोचवली. भागूबाई नावाची एक तरुण बाई तर तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या खांबांना गोणपाट गुंडाळून पाणी मारत होती. काँक्रीट नवे असताना त्याला पाणी पाजावे लागते, तेव्हा कुठे ते घट्ट होते. आईने बाळाला जपावे तसे तिने मला जपले.

पहिल्यांदा भरले तो दिवस मी विसरणार नाही. पन्नास हजार लिटर पाणी, म्हणजे पन्नास टनांचे ओझे, पण ते मला फुलासारखे वाटले. गावाने नारळ फोडला. मेंढपाळाच्या घरातला विशीचा मुंजाबा त्याच दिवशी हातातली काठी ठेवून पंचायतीत पाणी सोडायच्या कामाला लागला. पाहुणे आले की गावकरी माझ्याकडे बोट करून म्हणत, "आमच्या गावात बायकांना आडावर जावं लागत नाय." पुढे माझ्या सावलीसाठी म्हणून वीस पावलांवर अंगणवाडीची खोली बांधली. दुपारी खिचडी खायला मुले माझ्याच खाली रांगेत बसू लागली.

मित्रांनो, चांगल्या दिवसांत माणूस आपल्या अंगाकडे बघत नाही, तशीच मीही. गावची विहीर उन्हाळ्यात आटू लागली. तीन-तीन महिने मी कोरडी ठणठणीत उन्हात तापायची आणि पाऊस पडल्यावर पुन्हा भरायची. भेगा पडल्या. भेगांतून ओल आत गेली आणि खांबांच्या पोटातल्या सळयांना गंज चढला. गंजलेली सळई फुगते आणि अंगावरचे काँक्रीट आतून बाहेर ढकलते. ते दुखणे बाहेरून कोणाला दिसत नव्हते.

एका सकाळी परातीएवढा ढलपा माझ्या अंगावरून सुटला. खाली नळाला हंडा लावून भागूबाई उभी होती. आता ती म्हातारी झाली होती. नशिबाने ती पदर सावरायला दोन पावले मागे सरकली होती. हंडा पार चेपला.

"वाचले गं बाई," एवढेच ती म्हणाली. जिने मला पाणी पाजून मोठे केले तिच्याच डोक्यावर मी पडणार होते.

पंचायतीने त्या जागी सिमेंट थापले आणि वरून रंग मारला. रंग वाळला आणि गाव विसरले. मुंजाबा मात्र विसरला नाही. त्या दिवसापासून तो मला निम्म्यावर भरले की मोटर बंद करू लागला. पाणी कमी का येते असे कोणी विचारले, तर म्हणायचा, "मोटर म्हातारी झालीया, ओढीत नाय." खरे काय ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते. सहा वर्षे आम्ही दोघेही गप्प राहिलो.

मग सात गावांच्या योजनेची गोष्ट निघाली. बोरमाळ आणि शेजारच्या सहा गावांनी मिळून सरकारकडे निधी मागायचा, धरणावरून मोठी जलवाहिनी आणायची आणि सगळ्यांना बारमाही पाणी द्यायचे, असे ठरले. आमच्या सरपंच रत्नमालाताई या कामामागे हात धुऊन लागल्या. माझ्या सावलीत बसून त्या प्रस्तावाची पाने चाळत, त्यामुळे मला सगळे कळत असे. तो प्रस्ताव दोनदा परत आला होता. एकदा जागेच्या सातबाऱ्यावर जुने नाव होते म्हणून आणि एकदा ग्रामसभेच्या ठरावावर सह्या अपुऱ्या होत्या म्हणून. आता तिसरी आणि शेवटची खेप होती. मुदत बुधवारी संध्याकाळी संपत होती.

एकच कागद राहिला होता, माझा दाखला. "गावातील टाकी सुस्थितीत असून पुढील पंधरा वर्षे वापरण्यास योग्य आहे," असे अभियंत्याने लिहून द्यायचे होते. तसे लिहिले तर नव्या टाकीचा खर्च वाचत होता आणि प्रस्ताव मंजुरीच्या मर्यादेत बसत होता.

गाव आनंदले. मी मात्र पुढचे बघत होते. धरणाचे पाणी आले म्हणजे ते जोराने येणार होते आणि रोज दोन वेळा मला काठोकाठ भरणार होते. गाव ज्या पाण्यासाठी नवस करत होते, त्याच पाण्याने मी कोसळणार होते. आणि खाली कोण असेल?

मंगळवारी सकाळी तनुजा मॅडम आल्या. चिकलठाण्याकडे राहणाऱ्या, नोकरीला दीड वर्ष झालेल्या तरुण अभियंता. हातात छोटी हातोडी आणि कागदांची पिशवी. बरोबर रत्नमालाताई, मुंजाबा आणि गावचे जुने कारभारी कडुबा नाना होते.

मॅडमनी पहिला खांब वाजवला. टणक आवाज आला. दुसराही तसाच. तिसऱ्यावर हातोडी बसली आणि फुटक्या माठासारखा बद्द आवाज आला. मॅडमचा हात थांबला.

"मामा, हा खांब कधीपासून असा वाजतो?"

मुंजाबाने नानांकडे पाहिले. "पयल्यापासून तसाच हाये, म्याडम," तो म्हणाला.

तेवढ्यात मॅडमचा मोबाईल वाजला. कचेरीतल्या साहेबांचा चढा आवाज माझ्यापर्यंत पोचला. "सहा गावांचे दाखले आले. तुमच्या एका सहीसाठी सात गावं अडलीत. उद्या चारपर्यंत कागद टेबलावर पाहिजे."

कडुबा नाना पुढे झाले. "म्याडम, अडतीस वर्सं उभी हाये टाकी. उनाळ्यात लेकी-सुना लांबलांबून पानी आनत्यात. करा सही, पुन्य लागंल."

तनुजा मॅडम अंगणवाडीच्या पायरीवर बसल्या. कागद मांडीवर, पेन हातात. खिचडीची वेळ झाली होती. अंगणवाडीच्या मोनालीबाई मुलांना माझ्या सावलीत रांगेने बसवत होत्या.

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावेसे वाटले. पण मला तोंड नाही. मी एकाच रीतीने बोलू शकते, अंगाचा तुकडा खाली टाकून. एक ढलपा पडला असता तर मॅडमना सगळे समजले असते. पण खाली चौदा मुले ताटल्या घेऊन बसली होती. म्हणून मी अंग आवळून उभी राहिले आणि बोलायचे ते माणसांवर सोडले.

पेन कागदाला टेकले आणि मुंजाबा बोलला.

"म्याडम, थांबा. म्या खोटं बोललो."

सगळे वळले. त्याने डोक्याचे मुंडासे काढून हातात धरले होते. "मोटरीला काय बी झाल्यालं नाय. सा वर्सं झाली, म्याच टाकी निम्मी भरतो. पुरी भरायचं भ्याव वाटतं. भागूबाईवर ढलपा पडला तवापून मला झोप नाय."

"सा वर्सं गावाला अर्ध्या पान्यावर ठेवलंस?" कडुबा नाना कडाडले. "आन् आज सांगतूस? आज? भ्याव म्हनं! भर टाकी. आत्ताच्या आत्ता भरून दाव. पडती का बघू."

रत्नमालाताई एकदम वळल्या. "मोनाली, लेकरं मारुतीच्या देवळात घेऊन जा. ताटल्या राहू दे, आधी लेकरं."

मुले गेली. मॅडम म्हणाल्या, "पूर्ण भरायची नाही. पाऊण भरून बघू. आणि टाकीखाली कोणी थांबायचं नाही." पौषाचे दिवस होते, विहिरीला पाणी होते. मोटर सुरू झाली.

पाणी चढू लागले. निम्म्याची खूण मला ओळखीची होती. तिच्यावर पाणी गेले आणि सहा वर्षांत न सोसलेले ओझे खांबांवर उतरले. मी जीव मुठीत धरला. तिसऱ्या खांबात कुठेतरी कट् असे वाजले. निळा रंग वरपासून खालपर्यंत चिरला आणि त्या चिरेतून गंजलेले तांबडे पाणी पाझरू लागले.

"बंद करा!" मॅडम किंचाळल्या.

मोटर बंद झाली, पण पाणी माझ्या पोटातच होते. ते बाहेर काढणारा व्हॉल्व्ह नेमका माझ्याखाली, खांबांच्या मधोमध. मुंजाबाने लांब दांड्याचा पाना उचलला.

रत्नमालाताईंनी त्याचा हात धरला. "मुंजाभाऊ, नका जाऊ."

"पानी काढल्याबिगर ती ऱ्हात नाय, ताई. अंगनवाडीवर कलंडंल." त्याने हात सोडवला आणि तो आत शिरला.

त्याने पाना लावला. व्हॉल्व्ह हलेना. त्याने पाय रोवले, दात-ओठ खाल्ले, तरी हलेना. चीर रुंदावत होती. खडे त्याच्या पाठीवर पडत होते. आपण कोणाच्या डोक्यावर उभ्या आहोत हे कळत असताना उभे राहणे किती कठीण असते, ते मला त्या वेळी समजले.

तेवढ्यात कोणीतरी धावत आत आले. कडुबा नाना! सत्तरीचा म्हातारा, धोतर सावरत आला आणि त्याने पान्याच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही हात घातले.

"नाना, तुमी कशाला?"

"गप. वढ."

दोघांनी मिळून हिसका दिला. पाना फिरला. एक वेढा, दोन, पाच. पाणी धो धो करत नाल्याला लागले. "पळा!" मुंजाबा ओरडला आणि नानांना दंडाला धरून त्याने बाहेर ओढले. ते रस्त्यापर्यंत पोचले असतील नसतील, तोच तिसऱ्या खांबाचा दाराच्या फळीएवढा तुकडा सुटला आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर धाडकन पडला. माझ्या अंगातून धूळ उठली. पण पोट हलके होत होते आणि मी उभी राहिले.

नाना रस्त्यावर बसून धापा टाकत होते. मग तनुजा मॅडमनी पहिला कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिले, "टाकी धोकादायक. वापर तत्काळ बंद करावा. नवीन टाकी आवश्यक."

रत्नमालाताईंनी ते वाचले. "मॅडम, हे गेलं तर आमचं गाव यादीतून निघंल ना?"

"निघू शकतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "मला खोटं सांगता येणार नाही."

रत्नमालाताईंनी देवळाकडे पाहिले. मुले तिथे गलका करत होती. "ऱ्हाऊ द्या तसंच," त्या म्हणाल्या. "खाली सरपंच म्हणून माझी बी सही घ्या."

मित्रांनो, गोष्टीत खरे बोलणाऱ्याला लगेच बक्षीस मिळते. इथे तसे झाले नाही. सहा गावांना मंजुरी मिळाली आणि बोरमाळ वगळले गेले. मॅडमना कचेरीने लेखी खुलासा मागितला. शेजारच्या गावात नळ आले तेव्हा आमच्या बायका टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. काहीजणी रत्नमालाताई दिसल्या की तोंड फिरवायच्या. "कागदावर चार शब्द लिव्हले असते तर काय झालं असतं?" असे म्हणायच्या. उत्तर द्यायला कडुबा नाना पुढे व्हायचे. "म्या खाली हुतो," एवढेच ते म्हणत. मग कोणी वाद घालत नसे.

नव्या टाकीचा वेगळा अर्ज झाला. रत्नमालाताई शहरातल्या कचेरीत खेटे घालू लागल्या. नाना प्रत्येक वेळी सोबत जात आणि बाकावर बसून राहत. सुट्टीच्या दिवशी तनुजा मॅडम स्कूटरवर येऊन अर्जातल्या चुका काढून देत. चौदा महिन्यांनी, गेल्या आठवड्यात, मंजुरीचे पत्र आले. नवी टाकी गावाच्या पलीकडे टेकाडावर होईल. मला पाडण्याचीही परवानगी त्यातच आहे. सोमवारी यंत्र येणार आहे.

या चौदा महिन्यांत मी रिकाम्या पोटाने, तारेच्या कुंपणात उभी आहे. वारा सुटला की माझा तिसरा खांब कण्हतो. गेल्या महिन्यात दोन लहान मुली तारेखालून वाकून आत आल्या आणि माझ्या सावलीत सागरगोटे खेळू लागल्या. जवळपास कोणी नव्हते. त्या हसत होत्या आणि मी गोठले होते. मुंजाबाला दिसले तेव्हा तो ओरडत आला, त्याने त्यांना दोन्ही काखांत उचलून बाहेर काढले आणि मग रस्त्याच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडला.

मला पाडतील याचे दुःख नाही, मित्रांनो. मी पुष्कळ वर्षे पाणी दिले. पण तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी टाकी असेल, ओढ्यावरचा पूल असेल, शाळेची भिंत असेल. त्यांच्या भेगांकडे लक्ष द्या. भेग दिसली तर मोठ्यांना सांगा. एकदा सांगून ऐकले नाही तर दहादा सांगा. आणि उद्या मोठे होऊन तुमच्या हातात असा कागद आला, तर सही करण्याआधी जाऊन त्या खांबाला हात लावून बघा.

आज शनिवार आहे. अजून दोन दिवस मला उभे राहायचे आहे. आभाळ भरून आले आहे, वारा वाढला आहे आणि शाळा सुटायची वेळ झाली आहे. मुलांनो, आज पलीकडच्या रस्त्याने घरी जा.