हॅलॉकांच्या घरचं कापलेलं पान

मी ओहायोतल्या हॅलॉकांच्या घरचं बायबल बोलतोय. देवाचं वचन माझ्यात आहेच; पण या घरात मला जास्त वेळा उघडलं गेलं ते मधल्या चार कोऱ्या पानांसाठी. जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो, तिथे ही माणसं घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहितात. दुसरीकडे कुठेच नोंद नसते.

केटुरा लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याने पहिल्याच पानावर तिच्याकडून लिहून घेतलं, 'बार्नाबस हॅलॉक. बांधील गडी म्हणून आयर्लंडहून आला. सात वर्षांनी मोकळा झाला.' म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं. शाई वाळेपर्यंत तो पानावर फुंकर घालत बसला. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला.

पुढे केटुराचा मुलगा अल्फियस वकील झाला आणि काँग्रेसच्या, म्हणजे देशाच्या संसदेच्या, निवडणुकीला उभा राहिला. त्याच्या माणसांनी त्याचं चरित्र छापलं. त्यात आजोबा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले कप्तान झाले! विरोधकांनी लगेच ओरड सुरू केली, घरचं बायबल दाखवा. अल्फियस तडक गावी आला. आई गोठ्यात होती. त्याने खिशातला चाकू काढला, पान कापलं आणि चुलीत टाकलं.

केटुरा दुधाची बादली घेऊन आत आली. मी टेबलावर उघडाच होतो.

"कुठलं पान कापलंस?"

"आजोबांचं. आई, गड्याच्या नातवाला कोण मत देईल?"

"का नाही देणार? त्यांचे आजे काय राजवाड्यातून आले होते?" मग तिने बादली खाली ठेवली. "पानाच्या पाठीमागं काय होतं, बघितलंस?"

त्याने बघितलं नव्हतं.

"तुझ्या आधीची मुलगी. मेहिटाबेल. आपण सगळे इकडे ओहायोला राहायला येताना बैलगाडीतच जन्मली, अकरा दिवस जगली. वाटेत पुरली, वर दगडसुद्धा नाही."

अल्फियसचा चेहरा उतरला. "तारीख सांग. आत्ता लिहितो."

"आठवत नाही रे. विसरेन म्हणून तर लिहून ठेवली होती."

अल्फियस निवडून आला. आई वारल्यावर तिचं नाव लिहायला त्याने मला उघडलं. तिच्या नावाच्या वर त्याने आधी 'मेहिटाबेल' लिहिलं, तारखेपुरती जागा कोरी ठेवली, आणि माझ्यावर डोकं टेकून रडला.

आता मी गावच्या वाचनालयात काचेखाली असतो. आपलं घराणं शोधणारी माणसं वाकून ती कापलेली कड बघतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पूर्वजांची लाज वाटली तर वाटू दे, बाबांनो. पण पान कापण्याआधी एकदा उलटून बघा.