गुलाल आधी, खबर मागनं

तळवाडीत सयाजीच्या टॉकीजला लोक पिक्चर बघायला जातात असं ज्याला वाटतं, तो पावणा नवा आहे असं खुशाल समजावं. लोक जातात मध्यंतराला. पिक्चर काय, अंथरुणात पडून मोबाईलवरही दिसतो. पण कुणाच्या म्हशीला रेडी झाली, कुणाची सोयरीक मोडली, डेअरीच्या निवडणुकीत कोण आपटलं, हे मध्यंतरात तानाबाईच्या तोंडून ऐकल्याशिवाय तळवाडीला घास गोड लागत नाही. "टॉकीजवर आलं म्हंजे खरं," हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

तानाबाई ही सयाजीची बायको. माडीवरच्या खोलीत नवरा मशीन चालवायचा आणि बायको शेजारी माईक धरून बसायची. रीत ठरलेली होती. खबर चांगली असली की सयाजी आधी पडद्याभोवतीची लाल-हिरव्या दिव्यांची माळ लावायचा. माळ लागली की ओरडा, शिट्ट्या मारा, काय पाहिजे ते करा. नाही लागली तर टोप्या काढून गप ऐकायचं. मोबाईल मात्र दारातल्या बुट्टीत ठेवूनच आत यायचं. एकदा ऐन मारामारीत कुणाचा तरी फोन केकाटला आणि सयाजीनं रागानं मशीनच बंद केलं, तेव्हापासूनचा हा कायदा.

त्या शनिवारी संध्याकाळच्या खेळाला टॉकीजात मुंगी शिरायला जागा नव्हती. सयाजी-तानाबाईची पोरगी क्रांती साताऱ्याला राज्याच्या कुस्तीत फायनलला पोचली होती आणि कुस्ती त्याच वेळेला लागणार होती. आकाराम हलगी शेकूनच घेऊन आला होता. शिवप्रसादनं कुठनं तरी गुलालाचं अख्खं पोतं आणून पायाशी ठेवलं होतं. पडद्यावर हिरो पंधरा-पंधरा गुंडांना लोळवत होता, पण त्याच्याकडे बघतंय कोण! सगळ्यांच्या माना मागं, माडीच्या झरोक्याकडे.

तानाबाईनं झरोक्यातून ते पोतं हेरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. पोतं आणणारा शिवप्रसाद होता ना! महिन्यामागं हाच शिवप्रसाद डेअरीच्या निवडणुकीत पडला होता. तानाबाईनं ते मतांच्या आकड्यासकट वाचलं, तेव्हा तरातरा माडीवर येऊन म्हणाला होता, "वैनी, दुसऱ्याचं हारणं वाचाय काय जातंय? घरचं वाचून दावा एकदा!"

तानाबाई काय ऐकून घेणारी? तीही पेटली. "दावीन की! माझ्या घरचं हारणं आलं तर ह्याच माईकवरनं वाचीन. न्हाय वाचलं तर माईक तुझ्या हातात!"

बोलून बसली होती बाई. बोलताना काय जातंय, जीभच ती.

मध्यंतराला थोडा वेळ असताना तिचा फोन थरथरला. अख्ख्या टॉकीजात तेवढा एकच फोन. मशीनच्या घरघरीत तिनं तो कानाला दाबून धरला.

"आई, हारलो मी," क्रांती म्हणाली. "दोन गुणांनी."

"लागलं न्हाय न्हवं कुठं?"

"न्हाय." पोरीचा आवाज फुटला. "आई, आज सांगू नगंस. मला घरी येऊ दे आधी. गावात तोंड कसं दावू मी?"

"बरं," एवढंच तानाबाई म्हणाली. फोन ठेवला आणि पदर डोळ्याला लावला. पहाटे उठून त्या पोरीनं मारलेल्या जोर-बैठका हिनं डोळ्यानं बघितल्या होत्या. दोन गुण! मेले कुठल्या मुलखातनं आले ते दोन गुण? मसणात जाऊ देत! आज ही खबर वाचायची नाही. शिवप्रसादला माईक पाहिजे तर घेऊ दे, मिरवू दे, पोरीपेक्षा माईक मोठा नव्हता.

पण सयाजी हा सयाजी होता. मशीनच्या आवाजात त्याला फोनमधलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं मान वळवली तर बायको डोळे पुसतेय. गड्याची छाती फुगली. तानी कधी दुःखानं रडली होती? सासरा गेला तेव्हासुद्धा ती भांडत होती. मग आनंदानंच रडतेय! त्यानं पिक्चर थांबवला आणि तानाबाईनं "अवं, थांबा!" म्हणेपर्यंत दिव्यांची माळ लावून टाकली.

मग काय विचारता! हलगी कडाडली. पोतं फुटलं. खुर्च्या, टोप्या, पडदा, सगळं गुलाबी झालं. "क्रांतीच्या नावानं चांगभलं!" म्हणत म्हातारीकोतारी नाचायला लागली. आणि सयाजी दात काढून बायकोला म्हणतोय, "बोल की गं! सांग की!"

तानाबाईनं झरोक्यातून खाली बघितलं. आता नुसतं गप बसलं तरी पुरे होतं. टॉकीजवर आलं म्हणजे खरं. आज रात्रभर तळवाडीत क्रांती जिंकलेली राहिली असती. पण उद्या पोरगी त्या खोट्या गुलालात उतरली असती, तिचं काय? हारण्याची लाज एकवेळ धुऊन निघेल, ही कशानं निघणार?

तिनं माईक उचलला.

"गप बसा सगळी! माळ चुकून लागलीया. क्रांती हारली. दोन गुणांनी." तिनं माईक आणखी जवळ ओढला. "मला म्हणत हुती, सांगू नगंस, गावात तोंड कसं दावू? म्हणून सांगतोय. माझी पोरगी चोरून गावात येणार न्हाय. ज्याला हसायचं असंल त्येनं आत्ताच हसून घ्या!"

हलगी थांबली. सयाजीनं जीभ चावली. त्या गर्दीत गुलालानं माखलेला शिवप्रसाद उठून उभा राहिला आणि तानाबाईनं माईक घट्ट धरला. हा आता वचपा काढणार.

"वैनी," तो खालूनच ओरडला, "ह्यो गुलाल माझ्या निवडणुकीचा हाय. पडलो, म्हणून पोत्यातच राह्यला. घरात आडवा यायचा, रोज ठेच लागायची. पडलेल्यावर कुणी गुलाल टाकत न्हाय. का टाकत न्हाय, सांगा की!" आणि त्यानं आकारामाच्या पाठीत धपाटा घातला. "वाजव रे! एकदा उधळलेला गुलाल कोण पोत्यात माघारी भरतंय?"

आकारामानं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि टिपरी उचलली. आधी हळू, मग अशी कडाडली की पत्रे हलायला लागले. कुणी "दोन गुण म्हंजे काय हारणं हाय व्हय?" म्हणालं, कुणी पंचाच्या सात पिढ्या काढल्या. पिक्चर सुरू करा असं कुणीच म्हणालं नाही. बिचारा हिरो मूठ उगारून तसाच पडद्यावर उभा.

फोन पुन्हा थरथरला. क्रांती होती.

"आई, काय दंगा हाय गं मागं? हलगी कशाची? कोण जिंकलं?"

तानाबाईनं गुलाबी नाक पदरानं पुसलं.

"कोण न्हाय जिंकलं, बाळा. तू हारलीस, त्येची हाय हलगी."